एररचा बल्ब

चि. ग्रॅडी यास,

तुझ्या व्हर्ना आत्याचे पोटभर आशीर्वाद. मी रागावलेली आहे, पण आशीर्वाद त्या रागातून वेगळे काढून आधी लिहिलेत, ते निवांतपणे घे. इकडे सगळं ठीक. माझं ब्लडप्रेशर डॉक्टरांना आवडेल एवढं नाही, पण मला चालेल एवढं आहे. आतोबांचा गुडघा पावसाचा अंदाज टीव्हीवाल्यांच्या आधी सांगतो. मका कमरेपर्यंत आलाय, नदी आपल्या जागी आहे, आणि शेजारच्या डार्लीननं पुन्हा केस रंगवलेत (रंग कुठला ते विचारू नकोस, तिलाही सांगता येत नाही). तुझी तब्येत कशी आहे? जेवतोस का, की अजून त्या पुठ्ठ्याच्या डब्यातलंच? फोनवर विचारलं असतं, पण फोन केला की "मीटिंगमध्ये आहे, आत्या" म्हणतोस. पत्राला मीटिंग नसते, म्हणून पत्र.

पहिल्यांदाच सांगून ठेवते की मला तुझ्याकडे काहीएक मागायचं नाही. तू एवढ्या मोठ्या बेसबॉल क्लबात आकडेमोडीच्या खात्यात बसतोस, कुठला खेळाडू वर न्यायचा आणि कुणाला घरी पाठवायचं ते तुमच्या खोलीत ठरतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून आत्यानं भाच्याला वशिल्याचं पत्र लिहावं, एवढी काही मी हलकी नाही. मी फक्त काय काय झालं ते सांगणार आहे. त्यातून तुला काही सुचलं तर तो तुझा प्रश्न.

तर योएल. योएल म्हणजे यंदा आमच्याकडे राहायला आलेला खेळाडू. डोमिनिकन आहे, पाय हरणासारखे, भूक घोड्यासारखी, आणि वागणं असं की पाद्रीबुवांच्या मुलांनी शिकवणी लावावी. तुमचा क्लब या खालच्या फळीतल्या पोरांना जो पगार देतो त्यात कोंबड्यासुद्धा भाड्यानं राहणार नाहीत, म्हणून गावातली घरं एकेक पोरगा वाटून घेतात, हे तुला माहीतच आहे. आमच्या वरच्या खोलीत आजवर किती येऊन गेले. कुणी भिंतीला भोक पाडून गेला, कुणी माझी चांगली उशी घेऊन गेला. पण योएल स्वतःची ताटली धुतो, आणि माझीही धुतो, आणि मला डोन्या व्हर्ना म्हणतो, म्हणजे त्यांच्याकडे मानाच्या बाईला म्हणतात तसं. मला आयुष्यात कुणी डोन्या म्हटलेलं नव्हतं. बाईनं विरघळायचं नाही तर काय करायचं?

आता आतोबांकडे येते. ते आपल्या गावच्या बटनमेकर्स संघाच्या मैदानावर अधिकृत स्कोअरर आहेत हे तू पाळण्यात असल्यापासून जाणतोस. पण तुझ्या खोलीत जी कॉम्प्युटरवाली पोरं बसतात, त्यांनी उन्हात बाकड्यावर बसून मॅच कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही, तेव्हा हे त्यांच्यासाठी. फलंदाजानं चेंडू मारला आणि पळत पहिला तळ गाठला. हे त्याचं कर्तृत्व, की चेंडू अडवणाऱ्याचा गलथानपणा? कर्तृत्व असेल तर हिट, सरासरी वर. गलथानपणा असेल तर एरर. मग फलंदाज तळावर धडधाकट उभा असला तरी हिशेबात बाद झाल्यासारखाच, सरासरी खाली. हे ठरवतो एकच माणूस, प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या त्या कबुतरखान्याएवढ्या खोलीत बसून. तो माणूस म्हणजे तुझे आतोबा. त्यांनी मान हलवली की मैदानाच्या टोकाला जुन्या फलकावर एक बल्ब लागतो, हिटचा किंवा एररचा. आणि ते मान हलवायच्या आधी इतका विचार करतात, इतका विचार करतात, की तेवढ्या वेळात माझे बटाटे उकडून होतील.

मे महिन्यात हार्टसेलच्या संघाबरोबर मॅच होती. योएलनं असा सणसणीत टोला मारला की चेंडू दिसलाच नाही, नुसता ऐकू आला. समोरचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या तळाच्या मधला क्षेत्ररक्षक (तोंड उघडं टाकून उभा राहणारा लाल केसांचा पोरगा), वाकला, चेंडू त्याच्या ग्लोव्हला लागून उडाला, आणि योएल तळावर. मी मागे वळून वर बघितलं. सगळ्या बाकांनी वर बघितलं. आतोबांनी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि एररचा बल्ब लागला. अरे, एरर! हिंस्र जनावरासारखा चेंडू आला होता तो! त्याला हात लावला हेच त्या लाल्याचं धाडस! मी तिथल्या तिथे उभी राहून काय ओरडले ते इथे लिहीत नाही, कारण चर्चमधल्या बायका माझ्या मागेच बसल्या होत्या आणि त्यांनी तुला कळवलं असेलच.

यामागची मेख सांगते. हार्टसेलच्या पेपरात एका टवाळ माणसानं हंगामाच्या सुरुवातीलाच छापलं होतं की आपल्या पर्ल लँडिंग गावात स्कोअररच्या घरी जेवणाऱ्याला हिट फुकट मिळतात. झालं! आतोबांनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. तुझे आतोबा जन्मात कुणावर ओरडले नाहीत, पण त्यांच्या इमानाला कुणी बोट लावलं की ते आतल्या आत दगड होतात. नियमाच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय की शंका असेल तर फायदा फलंदाजाला द्यावा. आतोबा तो फायदा साऱ्या जगाला देतात, पाहुण्या संघाला देतात, शिव्या देणाऱ्यांना देतात, आणि आमच्या घरच्या पोराला मात्र नाही. थोडी जरी शंका आली की एरर. पोराची सरासरी अशी घसरली की शनिवारचा पेपर मी त्याच्या आधी उचलून कपाटात ठेवायला लागले.

तेव्हा मी संप केला. स्वयंपाकघर माझं, आणि तिथल्या शंकेचा फायदा कुणाला द्यायचा ते मी ठरवणार. योएलला पोर्क चॉप, आतोबांना कॉर्नफ्लेक्स. योएलला रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई, आतोबांना रिकामी ताटली आणि चमचा. तुला सांगते ग्रॅडी, या माणसाशी भांडण्यात काही सुखच नाही. थंड दुधातले कॉर्नफ्लेक्स खाऊन वर म्हणतात, "छान झालंय हं, व्हर्ना." कॉर्नफ्लेक्समध्ये काय छान व्हायचं असतं? एकदा मी पाठ वळवली तर योएल आपला अर्धा चॉप त्यांच्या ताटात सरकवत होता. ज्याच्यासाठी मी संप केला तोच फितूर!

कारण त्या दोघांचं मेतकूट काही केल्या बिघडेना. मॅच संपली की दोघं मागच्या ओसरीवर डॉमिनो खेळायला बसणार. योएलच्या गावी सोंगटी नुसती ठेवत नाहीत, टेबलावर हाणतात. पहिल्या दिवशी आतोबा दचकले. दुसऱ्या आठवड्यात तेही हाणायला लागले. ज्या माणसानं लग्नात "हो" म्हटलेलं पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नव्हतं, तो माणूस सोंगटी अशी आपटतो की माझे कप बशीत नाचतात! मी खिडकीतून बघत राहते. राग असला तरी बघायला कुठे बंदी आहे?

योएलच्या आईचीही गंमत सांगायची राहिली. मिरेया तिचं नाव. रविवारी ती फोनवर दिसते, मागे एक कोंबडा असतो. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही, पण आम्ही तासभर बोलतो. मी तिला पाई दाखवते, ती मला कोंबडा दाखवते. मग ती मुद्द्यावर येते, "हिट?" मी मान हलवते, "एरर." तिच्याकडे त्याला एर्रोर म्हणतात, र वर चांगला जोर देऊन, म्हणजे गुन्हा जास्त गंभीर वाटतो. मग ती म्हणते, "डॉन ओर्लिनना बोलव." (बाई डोन्या, तसा पुरुष डॉन.) आणि आतोबा येतात, टोपी काढून फोनसमोर बसतात, आणि ती त्यांना स्पॅनिशमध्ये जे काही सुनावते ते शेवटपर्यंत ऐकून घेतात. झालं की म्हणतात, "आभारी आहे, मॅडम." योएल लाजून वर पळतो.

गावही माझ्याच बाजूचं. डार्लीननं ट्यूनाचा कॅसरोल पाठवला त्यावर चिकटपट्टीनं "फक्त योएलसाठी" असं लिहून. पाद्रीबुवांनी दुसऱ्याचा निवाडा करू नये यावर प्रवचन दिलं, तेव्हा अख्खं चर्च मान वळवून आमच्या बाकाकडे बघत होतं. (बुवा शपथेवर सांगतात की विषय वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेला होता.) आणि मग जूनमध्ये कुणीतरी फलकावरचा एररचा बल्बच काढून नेला. आतोबांनी मान हलवली, पण लागणार काय? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बल्ब कुणी नेला ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे बघून काय उपयोग, माझं वय झालंय, मी शिडीवर चढते का?

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग कळलं की तुमच्या क्लबनं नव्यानं घेतलेली पोरं महिनाअखेर येणार, आणि तेवढी जुनी घरी जाणार. दर जूनला होतं हे, मला नवीन नाही. किती जणांच्या बॅगा मी स्वतः भरून दिल्यात. पण योएलच्या घराचं छप्पर त्याच्या बॅटवर उभं आहे रे. धाकट्या दोन बहिणी शाळेत आहेत. तो परत गेला तर काय करणार, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मामाबरोबर सिमेंटची पोती, डोन्या," आणि हसला, आणि माझी ताटली धुवायला घेतली. त्या दिवशी मी आतोबांना कॉर्नफ्लेक्ससुद्धा दिले नाहीत. म्हटलं, "अहो, तुमच्या इमानापायी पोरगं पोती उचलणार आहे." ते शर्टाची बटणं एका घरानं चुकवून मॅचला गेले. असं त्यांनी कधी केलेलं नाही.

तेवढ्यात तुमच्याच खात्यातला तो कॉल्बी आला, हातात काचेची पाटी घेऊन, पोरं बघायला. मी त्याला जेवायला बोलावलं. हो, डाव होता माझा, कशाला लपवू? पोर्क रोस्ट, ग्रेव्ही, मोठी पाई. (आतोबांनाही वाढलं, पाहुण्यासमोर घरातलं भांडण कशाला.) योएल त्या दिवशी संघाबरोबर चर्चच्या जेवणाला गेला होता. मी हळूच विषय काढला, की बाबा रे, या पोराची सरासरी दिसते तशी नाही, माझ्या नवऱ्यानं शंकेचा फायदा काही दिला नाही. तर कॉल्बी तोंडातला घास गिळून म्हणतो, "छे हो, मॅडम! हिट का एरर, ते आम्ही बघतच नाही. चेंडू बॅटवरून किती वेगानं सुटतो, कुठल्या कोनात जातो, तेवढंच घेतो. स्कोअररचे निर्णय आम्ही आकड्यांतून काढून टाकतो. तो नुसता गोंगाट असतो."

मला इतका आनंद झाला की मी त्याला पाईचा दुसरा तुकडा कापला. म्हणजे योएलला धोका नाही! टोले तर त्याचे सणसणीतच आहेत! आणि मग मी आतोबांकडे बघितलं. त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला होता, नीट, सरळ. पाई तशीच. एवढे उन्हाळे त्या कबुतरखान्यात बसून, चष्मा पुसून पुसून, प्रत्येक पोराच्या प्रत्येक चेंडूवर जीव टांगून ठरवलं, आणि गावानं बोल लावले, बायकोनं उपाशी ठेवलं, परदेशातल्या बाईनं झापलं, ते सगळं सोसलं. कारण त्यांना वाटत होतं की आपल्या एका शब्दावर कुणाचं तरी आयुष्य आहे. आणि हा पाटीवाला माझ्या टेबलावर बसून, माझी ग्रेव्ही ओरपत म्हणतो गोंगाट! जिल्ह्यातल्या सगळ्यांत शांत माणसाला! ग्रॅडी, मी तो पाईचा तुकडा परत घेतला. खरंच घेतला. विचार त्याला.

पुढच्या मॅचला योएलनं एक साधा, लोळत जाणारा चेंडू मारला. शेजारच्या डार्लीननंही अडवला असता. तो क्षेत्ररक्षकाच्या दोन पायांतून निघून गेला. सगळ्यांनी वर बघितलं. आतोबांनी चष्मासुद्धा काढला नाही. शेजारच्या माइकवाल्याला म्हणाले, "लाव हवं ते," आणि हिटचा बल्ब लागला. टाळ्या पडल्या. योएल तळावर उभा राहून वर बघत होता, आणि मान हलवत होता, नाही नाही म्हणून. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि मी पर्समध्ये तोंड घालून रडले. घरी आल्यावर डॉमिनो मांडला, पण आतोबांनी सोंगट्या आपटल्या नाहीत. नुसत्या ठेवल्या. योएलनंही मग नुसत्या ठेवल्या. इतका शांत खेळ मी बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवणाच्या डब्यातून एररचा बल्ब काढला (तिथे कसा आला ते विचारू नकोस), मैदानावर गेले, माळ्याला शिडी धरायला लावली, आणि तो होता तिथे फिरवून बसवला. गवत कापणाऱ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आतोबांना दाखवलं तर म्हणाले, "कशाला त्रास घेतलास, व्हर्ना, त्याचं काय काम आता?" मी संप मोडलाय. रोज पोर्क चॉप करते. ते खातात आणि छान झालंय म्हणतात, अगदी कॉर्नफ्लेक्सला म्हणायचे तसंच.

तर असं आहे. मला काही मागायचं नाही. आठ वर्षांचा असताना तू माझ्या कुकीजचा तक्ता केला होतास, कुठल्या कोपऱ्यातली करपते त्याचा, आणि आतोबांनी तो फ्रिजवर लावला आणि येईल त्याला दाखवला. तू या धंद्यात कुणामुळे गेलास ते तुला मी सांगायला नको. स्वतःला जप, पुठ्ठ्यातलं खाऊ नकोस.

तुझी,
व्हर्ना आत्या

ता. क. सोबत रुबार्बचा जॅम आहे. बरणी परत पाठव. मागच्या दोन बरण्यांचं काय झालं?

ता. क. पत्र फ्रिजवर राहिलं, तेवढ्यात बातमी आली. योएलला तुम्ही वरच्या संघात घेतलंत! आज दुपारच्या बसनं गेला. मिरेयानं फोनवर कोंबड्याला मिठी मारली. तेव्हा त्याच्यासाठी मी काही मागितलं नाही हे आता तरी तुला पटेल.

ता. क. आता मागते. तुमच्या क्लबच्या कागदावर, वर चिन्ह असलेल्या, आतोबांना एक पत्र पाठव. लिही, की मे महिन्यातल्या हार्टसेलच्या मॅचमधला तुमचा एररचा निर्णय आमच्या खात्यानं बारकाईनं तपासला, आमच्या सगळ्या हिशेबात त्यामुळे मोठी अडचण झाली आहे, तरी तो बदलून हिट करावा अशी आमची तीव्र मागणी आहे. ते नाही म्हणतील. आधी मुदत संपल्याचा नियम सांगतील, मग तो चेंडू कसा अडवण्याजोगा होता ते चार पानं लिहून कळवतील, चष्मा पुसून पुसून. त्यावर तू पुन्हा पत्र पाठव. हिवाळाभर पुरवून पुरवून पाठव. कॉल्बीलाही सही करायला लाव, तो माझ्या पाईचा पहिला तुकडा देणं लागतोय.

ता. क. हे शेवटचं, आणि वाचून झालं की फाडून टाक. आतोबा बॅग गाडीत ठेवायला गेले तेव्हा योएलनं मला कव घातली आणि कानात म्हणाला, "डोन्या, मे महिन्यातला तो... खरंच एर्रोर होता." मी म्हटलं, "ठाऊक आहे रे बाळा, मी समोरच बसले होते." यातलं एक अक्षर आतोबांना कळता कामा नये. आणि मागणी अगदी कडक शब्दांत लिही हं, त्यांना जिंकायला मजा आली पाहिजे.